पेचकसाला मोटर : एक परीक्षण

वसई-विरार परिसरातल्या काही शाळांसाठी आम्ही दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस पर्जन्यमापकांच्या पेट्या जुळवतो. काम तसे साधे आहे. प्लास्टिकची पेटी, आत एका आसावर डोलणारी छोटी जुळी पन्हाळी, तिला चिकटवलेले चुंबक आणि समोर रीड स्विच. पन्हाळी भरली की कलंडते, स्विच एकदा मिटतो, आकडा एकाने वाढतो. अशा २४ पेट्या आणि प्रत्येक पेटीला १४ स्क्रू : झाकणाचे चार, विद्युत मंडलाच्या पट्टीचे चार, आसाच्या आधारांचे चार आणि स्विचचे दोन. म्हणजे एकूण ३३६ स्क्रू. आठवी-नववीची सहा मुले आणि आम्ही दोघे-तिघे शिक्षक, एका रविवारी सकाळी बसून हे काम उरकतो.

२०२२ पर्यंत हे स्क्रू आम्ही हातानेच पिळले. त्या वर्षी मुलांच्या तळव्यांना फोड आले, एका पालकांनी थोडी नाराजीही व्यक्त केली आणि पुढच्या वर्षी मोटरवर चालणारा छोटा पेचकस घ्यावा असे ठरले. हा लेख त्या खरेदीचा, तिच्या फसण्याचा आणि नंतर सावरण्याचा आहे. अनेक शाळांत आज हीच खरेदी चालू आहे. २०१६ साली नीति आयोगाने अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना सुरू केली; निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि साहित्याच्या यादीत यांत्रिकी व विद्युत हत्यारांचा स्वतंत्र गट असतो. ज्या शाळांना अनुदान नाही त्या विज्ञान मंडळाच्या वर्गणीतून घेतात. दोन्हीकडे प्रश्न एकच येतो : दुकानदार समोर चार खोकी ठेवतो, प्रत्येकावर आकडे छापलेले असतात आणि त्या आकड्यांवरून निवड करायची असते. आमचे म्हणणे असे की त्या आकड्यांतले निम्मे आपल्या कामाचे नसतात आणि जो आकडा हवा तो खोक्यावर नसतोच.

प्रथम खोके वाचू. या छोट्या यंत्रांत बहुधा एकच लिथियम आयन घट असतो, त्याचा दाब ३.६ व्होल्ट. खोक्यावर दोन ठळक आकडे असतात : पीळ, म्हणजे कारखान्यात ज्याला टॉर्क म्हणतात तो, समजा ४.५ न्यूटन-मीटर, आणि वेग, समजा मिनिटाला २०० फेरे. वाचणाऱ्याची समजूत होते की हे यंत्र २०० च्या वेगाने फिरत असताना ४.५ चा पीळ देते. अकरावीच्या विद्यार्थ्याला हे गणित करायला सांगावे. मिनिटाला २०० फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे २१ रेडियन. पीळ गुणिले कोनीय वेग म्हणजे शक्ती, ४.५ गुणिले २१ म्हणजे सुमारे ९४ वॅट. ३.६ व्होल्टच्या घटातून ९४ वॅट काढायचे तर २६ अँपिअर प्रवाह लागेल, तोही कोठे काही वाया जात नाही असे धरून. एवढ्याशा मुठीतल्या यंत्राकडून ही अपेक्षा करणे व्यर्थ होय.

खरी गोष्ट अशी आहे की हे दोन आकडे एकाच क्षणाचे नाहीत. वेगाचा आकडा आहे यंत्र मोकळे फिरतानाचा, तेव्हा पीळ जवळजवळ शून्य. पिळाचा आकडा आहे यंत्र अडून थांबतानाचा, तेव्हा वेग शून्य. साध्या डीसी मोटरमध्ये पीळ वाढत जातो तसा वेग सरळ रेषेत उतरत जातो, हे आपण आलेख काढून शिकवतो. सर्वाधिक शक्ती मिळते ती दोन्हींच्या मध्यावर, म्हणजे दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराच्या चौथ्या हिश्शाइतकी, इथे २३-२४ वॅट. यात कोणी खोटे बोलत नाही. दोन खऱ्या आकड्यांमधून वाचकाने खोटा निष्कर्ष काढावा, अशी मांडणी मात्र आहे. भौतिकशास्त्राच्या तासाला हे खोकेच नेऊन दाखवावे, पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणापेक्षा ते अधिक लक्षात राहील.

आम्ही २०२३ साली तीन प्रकारची यंत्रे आणली. कंपन्यांची नावे देत नाही, कारण प्रत्येक प्रकारात अनेक कंपन्यांची जवळपास सारखी यंत्रे मिळतात आणि परीक्षण प्रकाराचे करायचे आहे. पहिले पिस्तुलासारखे, मुठीत धरायचे, खोक्यावर पीळ ४ न्यूटन-मीटर. दुसरे सरळ दांड्याचे, विजेरीएवढे, पीळ ३. तिसरे जाड पेनासारखे, मोबाइल आणि घड्याळे उघडणाऱ्यांच्या हाती दिसते तसे. दोन नवघर-माणिकपूरच्या बाजारात मिळाली. तिसऱ्यासाठी विरारहून गाडी पकडून मुंबईत लॅमिंग्टन रोडला जावे लागले. ग्रँट रोडला उतरले की हा रस्ता हाकेच्या अंतरावर आहे. ज्यांना हत्यारांचीच खरेदी करायची आहे त्यांनी नागदेवी स्ट्रीटही पाहावा. तिथले दुकानदार हत्यार हातात घेऊन फिरवू देतात. बंद खोके विकणाऱ्यापेक्षा हे बरे.

पहिल्या रविवारी पिस्तुली यंत्र मुलांच्या हाती दिले आणि काम झपाट्याने सुरू झाले. हाताने एका स्क्रूला सरासरी २५ सेकंद लागत, आता ८ लागू लागले. ३३६ स्क्रूंना हाताने १४० मिनिटे, यंत्राने ४५. मुले खूष, आम्हीही खूष. दुपारी पेट्या तपासायला घेतल्या तेव्हा २९ भोकांतले आटे गेले होते. स्क्रू आत जाऊन नुसता फिरत होता. अशा प्रत्येक भोकाची डागडुजी करायची म्हणजे आत अ‍ॅरल्डाइट भरायचे, वाळू द्यायचे आणि पुन्हा बारीक भोक पाडायचे; वाळण्याचा वेळ सोडला तरी हातकाम पाच मिनिटांचे. २९ गुणिले पाच म्हणजे १४५ मिनिटे. मागच्या वर्षी हाताने काम केले तेव्हा चार भोके बिघडली होती. हिशेब केला तर हाताने १६० मिनिटे आणि यंत्राने १९०. यंत्राने आमचा अर्धा तास खाल्ला.

तेवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहिला नसता. काही भोके सुटली, म्हणजे तपासताना आमच्या लक्षात आली नाहीत. जुलैमध्ये नेमक्या जोराच्या पावसाच्या आठवड्यात तीन पेट्यांच्या झाकणातून पाणी आत गेले आणि मंडल बंद पडले. एका शाळेतल्या मुलींनी १ जूनपासून रोज सकाळी आठ वाजता नोंद ठेवली होती. त्यांच्या वहीत त्या पाच दिवसांसमोर रेघ आहे. पावसाळ्याचे आकडे पुन्हा घेता येत नाहीत. त्यांच्या बाईंनी आम्हाला वही दाखवली, काही बोलल्या नाहीत.

चूक कोणाची याचा विचार करताना आम्हाला प्रथम वाटले की मुलांनी कळ जास्त वेळ दाबली. मग आम्हीच करून पाहिले. स्क्रूचे डोके टेकताक्षणी बोट उचलले, तरी आटे गेले. याचे कारण कळेत नाही, मोटरच्या जडत्वात आहे.

या यंत्रातली मोटर स्वतः फार वेगाने फिरते, मिनिटाला पंधरा-सोळा हजार फेरे. दंतचक्रांच्या जुळणीतून, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी मध्यचाकाभोवती फिरणारी ती छोटी चाके, तो वेग २०० वर आणला जातो. स्क्रू टेकला तेव्हा आपण प्रवाह तोडतो, पण मोटरचा फिरता गाभा अजून भिरभिरत असतो. गाभ्याचे वस्तुमान १५ ग्रॅम आणि त्रिज्या ८ मिलिमीटर धरली तर त्याची गतिज ऊर्जा अर्धा ते पाऊण ज्यूल येते. आकडा क्षुल्लक वाटतो. पण ती ऊर्जा कोठेतरी जायलाच हवी. स्क्रूचे डोके टेकल्यावर पुढचा फेरा एक दशांशातच अडला, म्हणजे सुमारे ०.६ रेडियनमध्ये, तर दंतचक्रातली घट सोडून सरासरी एक न्यूटन-मीटरचा पीळ स्क्रूवर पडतो. लाकडात हे घडत नाही, कारण लाकूड दबते, स्क्रू हळूहळू अडतो आणि तीच ऊर्जा एक-दोन फेऱ्यांत पसरते. म्हणूनच काही चांगल्या कंपन्या पिळाचे दोन आकडे देतात, एक कठीण सांध्यासाठी आणि एक मऊ सांध्यासाठी. प्लास्टिकच्या पेटीवर प्लास्टिकचे झाकण हा कठीण सांधा.

आता आमच्या पेटीला किती पीळ हवा होता? हे मोजण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक फुटपट्टीएवढी लाकडी पट्टी, पाण्याची बाटली आणि सुतळी पुरे. एक लिटर पाणी भरलेली बाटली आसापासून १० सेंटिमीटरवर टांगली की पीळ होतो ०.९८, म्हणजे जवळजवळ एक न्यूटन-मीटर. अर्धा लिटर त्याच अंतरावर म्हणजे अर्धा. साध्या पेचकसाच्या मुठीला पट्टी घट्ट बांधायची, पेटी उभी धरून स्क्रू आडवा येईल अशी पक्की करायची आणि बाटली बाहेरबाहेर सरकवत जायची. पट्टीचे स्वतःचे वजन हिशेबात येऊ नये म्हणून ती आसाच्या दोन्ही बाजूंना सारखी असावी आणि मोजताना आडवी राहावी. आम्ही एक जुनी पेटी या प्रयोगात बळी दिली. आमच्या २.९ मिलिमीटरच्या सेल्फ टॅपिंग स्क्रूला झाकण नीट बसण्यासाठी ०.३५ न्यूटन-मीटर पुरत होता आणि ०.८ ते ०.९ च्या दरम्यान आटे जात होते.

याच रीतीने यंत्रेही मोजली. यंत्र शेगड्यात हलके धरायचे, बिटाच्या जागी पट्टी बसवायची आणि यंत्र बाटली उचलू शकत नाही ते अंतर शोधायचे. इथे दोन सूचना. मोटर अडलेल्या अवस्थेत एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये, त्या वेळी प्रवाह सर्वाधिक असतो आणि वेटोळी जळतात. आणि पट्टीच्या फिरण्याच्या वाटेत अडसर लावून ठेवावा; सुटलेली पट्टी बोटावर बसते, आमच्यापैकी एकाच्या बसली आहे. पिस्तुली यंत्र ४ ऐवजी २.७ पर्यंत गेले, सरळ दांड्याचे ३ ऐवजी २.२. पेनासारख्याचा पीळ इतका कमी की बाटलीऐवजी वजनपेटीतली वजने टांगावी लागली. हा आमचा घरगुती प्रयोग आहे, त्यात थोडीफार चूक धरावी. पण मुद्दा वेगळाच आहे. ४ की २.७ हा वाद आमच्या कामात निरर्थक होता. आम्हाला ०.३५ हवा होता.

एका मर्यादेपलीकडे पीळ गेला की घसरून 'टर्र' आवाज करणारा जो भाग असतो त्याला क्लच म्हणतात. स्प्रिंगने दाबलेल्या बारीक गोळ्या खाचांत बसलेल्या असतात. पीळ वाढला की त्या खाचांतून उड्या मारतात आणि आसाचा संबंध सुटतो. गाभ्यातली उरलेली ऊर्जाही त्या उड्यांत खर्च होते. यंत्राच्या तोंडाशी १ ते १० आकड्यांची जी कडी असते ती या स्प्रिंगचा दाब ठरवते. हे आकडे न्यूटन-मीटर नव्हेत, कसलेही एकक नव्हेत, नुसते क्रमांक आहेत. आमच्या पिस्तुली यंत्राचा क्रमांक १ मोजला तेव्हा तो ०.९ निघाला. म्हणजे कडी अगदी कमीत कमीवर ठेवून, बोट वेळेवर उचलून, सर्व काळजी घेऊनही हे यंत्र आमच्या पेटीचे आटे घालवणारच होते. सरळ दांड्याच्या यंत्राचा क्रमांक १ होता ०.४. किंमत पिस्तुली यंत्राच्या जवळपास निम्मी. खोक्यावर सर्वाधिक पीळ ठळक अक्षरांत छापतात. सर्वांत कमी पीळ किती हे एकाही खोक्यावर आम्हाला सापडले नाही. जुळणीच्या कामासाठी यंत्र निवडताना हाच एक आकडा विचारायचा असतो.

हे कारखान्यात काम करणाऱ्यांना नवीन नाही. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे भागांत छोट्या उद्योगांचे शेकडो गाळे आहेत. विजेची बटणे आणि सॉकेट जुळवणाऱ्या एका गाळ्यात आम्हाला जाऊ दिले. तिथे टेबलावर वरून स्प्रिंगला टांगलेले विद्युत पेचकस होते, काम झाले की हात सोडायचा, यंत्र आपोआप वर जाते. जुळणी करणाऱ्या बहुतेक स्त्रिया. पाळी सुरू होताना पर्यवेक्षक प्रत्येक यंत्राचा पीळ मापकावर तपासतो, वहीत लिहितो आणि कडीवर चिकटपट्टी लावतो. आमच्यापैकी एकाने कामाचा वेग कसा साधता असे विचारले. एक ताई हात न थांबवता म्हणाल्या, "सर, वेग यंत्राचा आहे. आपण फक्त सरळ धरायचं आणि टक् ऐकलं की बोट काढायचं." दिवसाला हजारो स्क्रू त्या हातांखालून जातात. आमच्या ३३६ चा आकडा आम्ही तिथे उच्चारला नाही.

'सरळ धरायचं' या दोन शब्दांत बरेच आहे. फुलीच्या स्क्रूची कल्पना १९३० च्या दशकात हेन्री फिलिप्स या अमेरिकन उद्योजकाने बाजारात आणली आणि मोटारींच्या कारखान्यांनी ती उचलली. चपट्या खाचेत बिट सरकून बाहेर जाते, यंत्राने फिरवले तर हमखास. फुलीत ते आपोआप मध्यावर बसते. म्हणजे मोटरवरच्या पेचकसाचा जम बसायला आधी स्क्रूचे डोके बदलावे लागले. पण फुलीच्या भिंती किंचित उतरत्या असतात, त्यामुळे पीळ वाढला की बिट उतरणीवरून वर ढकलले जाते. दाब कमी पडला, यंत्र तिरपे झाले किंवा बिट चुकीच्या मापाचे असले की ते निसटते आणि फुलीचा खड्डा होतो. बाजारात सगळ्यांना 'स्टार' म्हणतात आणि एकच मधले माप, पीएच २, सर्वत्र चालवतात. ३ मिलिमीटरच्या स्क्रूला बहुधा पीएच १ लागते. यंत्राबरोबर ४० बिटांची पेटी फुकट मिळते तिचे आम्हाला कौतुक वाटत नाही. त्यातली तीन-चारच कामाची असतात आणि ती मऊ पोलादाची निघाली तर महिन्याभरात टोके गोल होतात. त्यापेक्षा चांगल्या पोलादाची दोन पीएच १ आणि एक पीएच २ वेगळी विकत घ्यावीत. बिटाचा मागचा भाग पाव इंची षट्कोनी, म्हणजे ६.३५ मिलिमीटर असावा. हे माप सर्वत्र मिळते. पेनासारख्या यंत्रांची बिटे ४ मिलिमीटरची असतात, ती हरवली की शोधत फिरावे लागते.

पेनासारख्या यंत्राबद्दल दोन शब्दांत सांगायचे तर ते आमच्या कामाचे नव्हते. चष्मा, कॅमेरा, मोबाइल यांसाठी ते उत्तम. सेल्फ टॅपिंग स्क्रू त्याच्याने अर्ध्यावर अडतो. ते आम्ही संगणक दुरुस्त करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला देऊन टाकले.

विद्युतघटाचा प्रश्न मात्र सविस्तर पाहायला हवा, कारण शाळांची कपाटे अशा मेलेल्या यंत्रांनी भरलेली आम्ही पाहिली आहेत. हाती धरायचा विजेवरचा ड्रिल १८९५ साली जर्मनीत फाइन कंपनीने केला. बिनतारी ड्रिल १९६१ साली ब्लॅक अँड डेकरने आणला, त्यात निकेल-कॅडमियम घट होते. लिथियम आयन घटावरचा छोटा पेचकस बॉश कंपनीने २००३ साली बाजारात आणला आणि तेव्हापासून हा प्रकार घरोघर गेला. लिथियमचा फायदा असा की यंत्र महिनोन्महिने पडून राहिले तरी बराचसा भार टिकतो. किती क्षमता हवी? १.५ अँपिअर-तासाचा ३.६ व्होल्टचा घट म्हणजे ५.४ वॅट-तास, सुमारे १९,४०० ज्यूल. लाकडात एक मध्यम स्क्रू घालायला सरासरी एक न्यूटन-मीटर पीळ आणि १६ फेरे धरले तर १०० ज्यूल लागतात. मोटर आणि दंतचक्रांतली घट धरून २५० समजा. तरी एका भारात ७५-८० स्क्रू होतात. प्लास्टिकच्या पेटीतले तर याच्या कितीतरी पट. तेव्हा क्षमतेच्या मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे देण्याचे कारण नाही.

विचारायचे ते वेगळेच : घट बदलता येतो का? आम्ही पिस्तुली यंत्र उघडले. आत १८ मिलिमीटर व्यासाचा, ६५ मिलिमीटर लांबीचा, बाजारात सुटा मिळणारा साधा घट होता, पण त्याच्या टोकांना पट्ट्या वितळवून जोडलेल्या आणि कवचाचे दोन भाग चिकटवलेले. म्हणजे घट संपला की यंत्र संपले. शाळेत घट संपण्याची वेळ ठरलेली असते. एप्रिलच्या परीक्षेनंतर रिकामे झालेले यंत्र कपाटात जाते आणि ऑगस्टच्या विज्ञान प्रदर्शनापर्यंत कोणी पाहत नाही. रिकाम्या घटाचा दाब घसरत जातो, एका मर्यादेखाली गेला की त्याला भारित करणारे मंडल सुरक्षेसाठी नकार देते, आणि आपण म्हणतो यंत्र बिघडले. अर्नाळा, राजोडी, भुईगाव अशा किनाऱ्यालगतच्या शाळांत खाऱ्या दमट हवेने संपर्कपट्ट्या गंजतात ते वेगळेच. मेलेला घट कचऱ्यात टाकू नये, फोडू तर मुळीच नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले घट गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विकत घेतानाच दुकानदाराला परत घेणार का असे विचारून ठेवावे. घट बदलता येणारे यंत्र थोडे महाग पडले तरी तेच घ्यावे असे आमचे मत आहे.

एक आक्षेप आमच्यातच उठला आणि तो अजून मिटलेला नाही. आमच्यातले एक ज्येष्ठ शिक्षक पाबळच्या विज्ञान आश्रमाशी पूर्वीपासून परिचित आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या त्या गावी हाताने काम करत शिकण्याची जी शाळा उभारली, तिच्या विचारांनी ते घडलेले. त्यांचे म्हणणे, स्क्रू अडतो कधी, आटे धरतात कधी, जायला लागतात कधी, हे मनगटाला कळते. मुलाच्या हाती आधी मोटर दिली तर ते मनगट शिकणारच नाही. पहिल्या रविवारच्या २९ भोकांनी त्यांचे म्हणणे सिद्ध केले असे ते म्हणतात. त्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. एकदा आटे पडलेल्या प्लास्टिकमध्ये स्क्रू पुन्हा घालताना तो आधी उलटा फिरवतात. जुन्या आट्यात पडला की बोटांना बारीकसा 'टक्' जाणवतो आणि मग सुलटा पिळतात. तसे केले नाही तर स्क्रू नवे आटे कापतो आणि दोन-तीन वेळांत भोक निकामी होते. ही जाणीव कोणत्याही यंत्रात नाही.

दुसऱ्या बाजूला आमच्या गटातली एक मुलगी आहे. लहानपणी मोडलेल्या मनगटामुळे तिला उजव्या हाताने पिळण्याचा जोर लावता येत नाही. २०२२ साली ती दिवसभर पेट्या धरून बसली होती, कारण तेवढेच काम तिच्यासाठी उरले होते. २०२४ साली तिने एकटीने पाच पेट्या पूर्ण केल्या. ज्येष्ठ सरांनी तिच्या पेट्या स्वतः तपासल्या. एकही भोक गेले नव्हते. त्यावर ते इतकेच म्हणाले, "हिला उलटं फिरवून 'टक्' शोधायला डाव्या हाताने शिकवू."

२०२४ साली पद्धत बदलली होती. सरळ दांड्याचे यंत्र, कडी क्रमांक १ वर. स्क्रू प्रथम हाताने दोन फेरे धरवायचा, मग यंत्राने डोके टेकायच्या जरा आधीपर्यंत न्यायचा आणि शेवटचा पाव फेरा पुन्हा हाताने द्यायचा. यासाठी यंत्रात एक गुण लागतो : कळ सोडल्यावर आस आपोआप जखडला जायला हवा, म्हणजे तेच यंत्र साध्या पेचकसासारखे हाताने पिळता येते. दुकानात कळ न दाबता बिट बोटांनी फिरवून पाहावे; फिरले नाही तर आस जखडलेला आहे. या गुणापुढे आम्हाला यंत्रावरचा दिवा, पट्टा, मखमली पेटी ही सगळी सजावट वाटते. या रीतीने एका स्क्रूला १२ सेकंद लागले, ३३६ ला ६७ मिनिटे. बिघडलेली भोके दोन. हाताच्या १६० मिनिटांऐवजी ७७ मिनिटांत काम झाले.

पिस्तुली यंत्र वाया गेले नाही. बाकांच्या फळ्या आणि फलकाच्या चौकटी आवळायला शाळेचे शिपाईकाका ते वापरतात आणि त्यांच्या हाती ते शोभते. सरळ दांड्याचे आणखी एक घेतले आहे. दोन्ही आता मे महिन्यापूर्वी निम्मी भारून ठेवतो, पूर्ण नाही, आणि कपाटाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी लावतो : तारीख, भार दिला त्याची सही, आणि पुन्हा पाहायची तारीख १५ जून. सही त्या वहीवाल्या शाळेतल्या मुली करतात, तसे त्यांनीच मागून घेतले आहे.